बेण्याची शेती आणि बियांचे दार

नांदेड जिल्ह्यातल्या अर्धापूर, बारड, मुदखेडच्या काळ्या रानात केळीच्या बागा उभ्या आहेत. त्यांच्याच बांधाला लागून हळदीचे बेड आहेत आणि मांजरेच्या खोऱ्यात लातूरच्या बाजूला गेले की उसाचे फड लागतात. सोयाबीन, तूर, हरभरा ही या दोन्ही जिल्ह्यांची मोठी पिके बी पेरून घेतली जातात. ओलिताखालच्या रानात ज्या तीन पिकांवर शेतकऱ्याची भिस्त असते, त्यांतले एकही पीक मात्र बियांपासून येत नाही. केळीचा मुनवा लावतात, उसाची टिपरी लावतात, हळदीचे गड्डे लावतात. जुन्या झाडाचा एक तुकडा मातीत जातो आणि त्यातून तेच झाड पुन्हा उभे राहते. त्यात परागीभवन होत नाही, दोन वंशांची सरमिसळ होत नाही, आईचे सगळे गुण आणि सगळे दोष जसेच्या तसे पुढे जातात. वनस्पतिशास्त्रात याला शाकीय पुनरुत्पादन म्हणतात आणि अशा एकाच वंशाच्या रोपांच्या समूहाला क्लोन. माणसाने शेती सुरू करण्याच्या कितीतरी आधीपासून निसर्ग ही रीत वापरत आला आहे आणि तिचा सर्वांत मोठा वापर थंड प्रदेशांत झालेला दिसतो. तिथल्या वनस्पती ही रीत कशी सांभाळतात ते नीट पाहिले, तर आपल्या केळी, ऊस आणि हळदीच्या शेतीत काय चुकते आहे हेही कळते. क्लोन हा बिकट हंगामाशी केलेला एक सौदा आहे. निसर्गाने तो करताना बियांचे दार सहसा पुरते लावून घेतले नाही. आपण आपल्या शेतांत ते लावून घेतले आहे. म्हणून ते उघडे ठेवण्याची जबाबदारीही आपल्यावरच येते.

आधी थंडीतला हिशेब पाहू. ध्रुवाजवळच्या किंवा उंच पर्वतावरच्या झाडाला वाढायला वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने मिळतात. तेवढ्यात पाने फुटायची, फूल यायचे, परागीभवन करणारा कीटक यायचा, बी भरायचे आणि पिकायचे. यातली एक पायरी लांबली की सगळे बी वाया जाते. बी तयार झाले तरी त्यातून निघालेल्या कोवळ्या रोपाला पहिला हिवाळा काढावा लागतो. गोठताना आणि वितळताना माती वरखाली होते आणि नाजूक मुळे तुटतात. उलट आईच्या मुळातून किंवा कंदातून फुटलेल्या कोंबाला आईने साठवलेले अन्न मिळत राहते. म्हणून ध्रुवीय प्रदेशात एका वर्षात आयुष्य संपवणाऱ्या वनस्पती फार थोड्या आहेत. बहुतेक सगळ्या बहुवर्षायू आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ जमिनीखालून पसरतात. 'बिस्टोर्टा व्हिव्हिपारा' ही वीतभर उंचीची वनस्पती उत्तर ध्रुवाच्या परिसरात आणि आपल्या हिमालयातही आढळते. तिच्या एकाच तुऱ्यावर वरच्या भागात फुले असतात आणि खालच्या भागात बारीक कंदिका. कधी कधी या कंदिका आईच्या अंगावर असतानाच त्यांना पान फुटते, म्हणजे जमिनीवर पडताक्षणी त्या वाढीला लागतात. स्वीडनच्या फुलुफ्येलेट पर्वतावर स्प्रूसचे एक झाड आहे. त्याचे उभे खोड काही शतकांचेच असले, तरी त्याच्या मुळांखाली सापडलेल्या लाकडाचे वय कार्बन पद्धतीने सुमारे साडेनऊ हजार वर्षे निघाले. बर्फाच्या भाराने खालच्या फांद्या जमिनीला टेकतात, त्यांना मुळे फुटतात आणि जुने खोड गेले की नवे वर येते. अमेरिकेच्या युटा राज्यात 'पांडो' नावाचे अ‍ॅस्पेनचे जंगल सुमारे ४३ हेक्टरांवर पसरले आहे. त्यात अंदाजे ४७ हजार खोडे आहेत आणि ती सारी एकाच मुळांच्या जाळ्यातून आलेली, एकाच वंशाची आहेत.

मराठवाड्यात बर्फ नाही, मग याचा आपल्याशी संबंध काय, हा प्रश्न साहजिक आहे. संबंध हंगामाच्या लांबीचा आहे. थंड प्रदेशात वाढीचा काळ गारठा तोडतो, आपल्याकडे तो पाण्याचा तुटवडा तोडतो. मृगापासून पावसाळा संपेपर्यंत चार महिने जमिनीत ओल असते. पुढे उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत साठवणीवर जगायचे असते. म्हणून मराठवाड्याच्या भारी काळ्या जमिनीत शेतकऱ्याला सर्वांत जास्त छळणारी तणे पाहिली, तर ती जमिनीखालून पसरणारीच निघतात. लव्हाळ्याच्या गाठी, हरळीच्या काड्या आणि कुंद्याच्या खोल गेलेल्या मुळ्या नांगराने तुटतात आणि प्रत्येक तुकडा नवे झाड होतो. हळदीचेही हेच आहे. पावसाळ्यात ती हिरवीगार वाढते, थंडी पडू लागली की पाने पिवळी पडून वाळतात आणि सगळा जीव जमिनीखालच्या गड्ड्यात जाऊन निजतो. बर्फाखालचा कंद आणि वसमत-अर्धापूरच्या रानातला हळदीचा गड्डा वेगवेगळ्या संकटांना एकच उत्तर देतात: अन्न खाली साठवायचे, वरचे अंग सोडून द्यायचे आणि हंगाम परतला की जुन्याच वंशाने पुन्हा उभे राहायचे.

केळीची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि म्हणूनच ती नीट पाहण्यासारखी आहे. ज्याला आपण केळीचे खोड म्हणतो तो एकमेकांना वेढून बसलेल्या पानांच्या देठांचा गठ्ठा असतो. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. त्या कंदाच्या टोकाला पाने तयार होत राहतात आणि पुरेशी पाने झाली की तेच टोक फुलाचे होते, पानांच्या नळीतून वर चढते आणि झाड निसवते. एक कंद एकदाच घड देतो आणि मरतो. पण मरण्याआधी त्याच्या बगलेतले डोळे फुटून मुनवे आलेले असतात. जाणता बागायतदार त्यांतून अरुंद, तलवारीसारख्या पानांचा मुनवा निवडतो. रुंद पानांचा मुनवा दिसायला तजेलदार असला तरी त्याचा कंद आईशी नीट जोडलेला नसतो, त्यात अन्नाचा साठा कमी असतो. आपल्या सह्याद्रीतली रानकेळ मात्र मुनवे देत नाही. ती आयुष्यात एकदाच फुलते, कडक बियांनी भरलेली फळे देते आणि संपते. तिचा सगळा वंश बियांवर चालतो. बागेतल्या केळीला बी नाही याचे कारण तिच्या पेशींत आहे. तिच्या रानटी पूर्वजांत गुणसूत्रांचे दोन संच, म्हणजे २२ गुणसूत्रे असतात. बसराई, श्रीमंती, अर्धापुरी, ग्रँड नैन या आपल्या बागांतल्या जातींत तीन संच, म्हणजे ३३ गुणसूत्रे आहेत. तीन संचांची सम वाटणी होत नाही, म्हणून बी धरत नाही आणि फळ गराने भरते. माणसाला हे झाड हवेसे वाटले ते याच दोषामुळे, आणि त्याच क्षणी ते माणसाच्या हातावर अवलंबून राहिले.

केळी उष्ण प्रदेशातली असल्यामुळे क्लोन म्हणून तिच्यावर थंडीचा घाव कसा बसतो, तेही नांदेडला दिसते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली उतरले की केळीची वाढ जवळपास थांबते. उन्हाळ्यात आठवड्या-दहा दिवसांत येणारे नवे पान उमलायला कितीतरी वेळ लागतो. निसवण नेमकी त्या काळात आली तर घड पानांच्या नळीतच अडकतो, दांडा आखूड राहतो, फण्या वेड्यावाकड्या येतात. म्हणून परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ थंडीच्या लाटेत बागेला रात्री पाणी द्यायला, बांधावर धूर करायला, घड झाकायला सांगते. पाच बाय पाच फुटांवर लावलेल्या एकरात सुमारे १,७४० झाडे बसतात. ती सगळी एकाच वंशाची आणि एकाच वयाची असल्यामुळे थंडी सगळ्यांना एकाच वेळी, एकाच अवस्थेत गाठते. बियांपासून आलेल्या रानात काही झाडे लवकर फुलली असती, काही उशिरा, काहींनी गारठा जास्त सोसला असता. क्लोनच्या बागेत ही विभागणी नसते. चांगल्या वर्षी सगळे घड एकदम काढणीला येतात, हा तिचा नफा. वाईट रात्री सगळी बाग एकदम आखडते, हा तिचा तोटा. दोन्हींचे मूळ एकच आहे.

थंडी निदान दोन महिन्यांत सरते. रोग सरत नाही. आज जगाच्या बाजारात जाणारी बहुतेक केळी ज्या कॅव्हेंडिश गटाची आहे, त्याला हे नाव मिळाले ते इंग्लंडसारख्या थंड देशात. १८३० च्या दशकात चॅट्सवर्थ इथल्या डेव्हनशायरच्या ड्यूकच्या ऊबदार काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने ती वाढवली आणि ड्यूकच्या कॅव्हेंडिश या घराण्याचे नाव तिला दिले. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात व्यापाराची केळी ही नव्हती. ती होती ग्रो मिशेल. मध्य अमेरिकेत हजारो हेक्टरांवर तो एकच वंश लावलेला होता. मातीतल्या फ्युझेरियम बुरशीने होणारा पनामा मर हा रोग एका झाडाला मारू शकला, म्हणजे सगळ्यांना मारू शकत होता, आणि १९६० च्या दशकापर्यंत ग्रो मिशेल व्यापारातून जवळपास हद्दपार झाली. तिची जागा कॅव्हेंडिशने घेतली, कारण त्या बुरशीला ती दाद देत नव्हती. आता त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. तो आग्नेय आशियातून पसरत २०१९ मध्ये कोलंबियात पोहोचला आणि भारतात बिहार व उत्तर प्रदेशातल्या बागांत सापडला आहे. या बुरशीवर खात्रीचे औषध नाही आणि ती मातीत वर्षानुवर्षे टिकून राहते. एक क्लोन पडला म्हणून त्याच्या जागी दुसरा एकच क्लोन लावणे हा उपाय नव्हता, ती मुदतवाढ होती.

उसाने नेमकी उलट वाट दाखवली आहे. उसाच्या कांडीवरचा डोळा जवळून पाहिला तर त्याच्या शेजारी, पेराभोवती, बारीक ठिपक्यांचा एक पट्टा दिसतो. ते ठिपके म्हणजे मुळांचे कोंब. डोळ्यातून फुटवा, पट्ट्यातून मुळ्या आणि कांडीतल्या साखरेतून पहिले काही आठवडे पुरेल इतके अन्न, एवढे सगळे एका टिपरीत असते. म्हणूनच उसाला बी येते यावर शास्त्रज्ञांचाही फारसा विश्वास नव्हता. १८८८ च्या सुमारास जावा आणि बार्बाडोस या दोन बेटांवर उसाच्या तुऱ्यातले बी उगवते हे स्पष्टपणे दाखवले गेले. जावात त्या वेळी सेरेह रोगाने फड उद्ध्वस्त होत होते आणि नव्या वंशाची निकड होती. आपल्याकडे १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस प्रजनन केंद्र निघाले. सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी जाड उसाचा रानटी काश गवताशी संकर केला आणि १९१८ मध्ये को २०५ ही जात बाहेर आली. लातूरच्या फडांत आज सर्रास दिसणारी को ८६०३२ हीसुद्धा कोइमतूरच्या संकरातून आली आणि पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने १९९६ मध्ये ती महाराष्ट्रासाठी पुढे आणली. उसाला चांगला तुरा येतो म्हणून वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने सिंधुदुर्गातल्या आंबोलीला प्रजनन केंद्र ठेवले आहे. म्हणजे शेतकरी टिपरी लावतो तेव्हा तो क्लोन लावत असतो. पण तो क्लोन जन्मला तो बियांतूनच, कुणीतरी दूरवर ते दार उघडे ठेवले होते म्हणून. हे दार विसरले की काय होते ते उत्तर प्रदेशाने दाखवले. २००९ मध्ये आलेली को ०२३८ ही जात इतकी चांगली ठरली की तिथल्या ८० टक्क्यांहून अधिक ऊसक्षेत्रावर ती एकटीच आली. आणि मग लाल कुजीने तिला गाठले तेव्हा जिल्ह्याचे जिल्हे एकदम अडचणीत आले.

यावर पहिला आक्षेप थंड प्रदेशातूनच येतो. एकच वंश इतका धोक्याचा असेल, तर पांडो किंवा स्वीडनचा स्प्रूस हजारो वर्षे कसा टिकला? याचे उत्तर दोन भागांत आहे. थंडी बुरशी, कीड आणि विषाणू पसरवणारा मावा यांनाही आवर घालते. तिथे क्लोनवर हल्ला करणारे थोडे आणि मंद असतात. नांदेडच्या उबदार, ओलिताच्या रानात हे संरक्षण नाही. आपल्याकडे बटाट्याचे बेणे हिमाचलाच्या डोंगरातून आणण्याची जुनी रीत याच कारणाने पडली, तिथे मावा कमी असतो. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. निसर्गातल्या क्लोनी वनस्पतींच्या वस्त्या जनुकीय चाचण्यांनी तपासल्या तेव्हा एका वस्तीत बहुधा एकच वंश न सापडता अनेक वंश शेजारी शेजारी नांदताना आढळले. क्वचित एखाद्या अनुकूल वर्षी बी रुजते, नवा वंश येतो आणि मग तो मुळांनी पसरतो. बिस्टोर्टाच्या तुऱ्यावर कंदिकांच्या वर फुले अजूनही येतात ती यासाठी. थंड प्रदेशातल्या क्लोनांच्या भरवशावर आपल्या एकवंशी बागेचे समर्थन करता येत नाही, कारण तिथली वस्ती सहसा एकवंशी नसते.

दुसरा आक्षेप अनुभवाच्या बाजूने येतो. बेणे म्हातारे होते, तीन-चार वर्षांनी ते बदलले की उतारा वाढतो, मग दोष क्लोनच्या वयाचा आहे, असे म्हटले जाते. उतारा घटतो हे खरे आहे, पण बेणे सहसा वयाने थकत नाही, त्यात रोग साचतो. बी तयार होताना बरेचसे विषाणू गाळले जातात; टिपरीत, मुनव्यात आणि गड्ड्यात ते आईच्या अंगातून थेट पुढे येतात. उसाची गवताळ वाढ आणि काणी बेण्यातून पसरतात, हळदीची कंदकूज गड्ड्याबरोबर नव्या रानात जाते, केळीचा हरण्या रोग मुनव्यांतून आणि माव्यातून फिरतो. पुरावा असा की तेच बेणे निरोगी केले की तोच वंश पुन्हा जोमाने वाढतो. उसाच्या बेण्याला ५४ अंशांची बाष्पयुक्त उष्ण हवा अडीच तास देण्याची आणि मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशी तीन टप्प्यांची बेणे मळ्याची रीत याच आधारावर उभी आहे. ऊतीसंवर्धित रोपही काही नवल नव्हे; मुनवा जे काम निसर्गात करतो तेच काचेच्या बाटलीत वेगाने केले जाते. पण मातृवृक्ष रोगी असेल, तर प्रयोगशाळा त्याच वेगाने रोग वाटते. म्हणून केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ पासून अशा रोपांसाठी विषाणू चाचणीची प्रमाणन पद्धत घालून दिली. रोप घेताना हे प्रमाणपत्र मागणे हा बागायतदाराचा हक्क आहे.

क्लोनचे आणखी एक मोल क्वचितच मोजले जाते. बी पोत्यात झोपून दुष्काळ काढू शकते, उसाचे बेणे काढू शकत नाही; तोडलेली टिपरी काही दिवसांत लावावीच लागते. हळदीचा गड्डा सावलीत दोन-तीन महिने निजतो, त्याहून जास्त नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. माणसांनाच पाणी नाही अशा वर्षी बेण्याचा प्लॉट जिवंत ठेवणे किती कठीण असते हे वेगळे सांगायला नको. पाऊस परतला की सोयाबीनचे बी दुकानात मिळते. उसाचे शुद्ध बेणे मात्र लांबून, महाग आणि अनेकदा रोगासह येते. थंड प्रदेशातला कंद गोठलेल्या मातीत सुरक्षित निजतो, लातूरचे बेणे वर्षभर पाण्यावर जगते. म्हणून बेणे मळ्यासाठी राखीव पाणी ठेवणे ही दुष्काळी नियोजनातली पहिली गोष्ट असायला हवी.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. व्यापारी एकसारखा माल मागतो, कारखाना साखरेचा उतारा पाहतो, दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याने वैविध्याचा भार का उचलावा? तो त्याने एकट्याने उचलू नये, हे मान्यच आहे. एका रानात दहा जाती लावा, असे कुणी सांगत नाही. पण एका तालुक्यात, एका कारखान्याच्या कार्यक्षेत्रात एकाच जातीवर सगळे उभे असू नये, हे ठरवणे कारखान्याच्या शेतकी विभागाला शक्य आहे. को ८६०३२ बरोबर फुले २६५ किंवा व्हीएसआय ०८००५ यांचे प्रमाण तो बेणे वाटपातून राखू शकतो. केळीत लागवडीच्या तारखा विभागल्या तर निसवण एकाच थंडीच्या लाटेत सापडत नाही. हळदीत बी धरणे दुर्मीळ असले तरी कोझिकोडच्या मसाला पिके संशोधन संस्थेने बियांपासून आलेल्या रोपांतून 'प्रभा' आणि 'प्रतिभा' या जाती निवडल्या. म्हणजे तिथेही दार पुरते बंद नाही. नांदेडचे केळी संशोधन केंद्र आणि तिरुचिरापल्लीचे राष्ट्रीय केळी संशोधन केंद्र यांच्याकडून नवे वंश यायला वर्षे लागतील, म्हणून ते काम रोग दारात येण्यापूर्वी चालू असले पाहिजे.

क्लोन वाईट नाही. त्याच्याविना अर्धापूरची केळी नाही, लातूरचा ऊस नाही, वसमतच्या बाजारातली हळद नाही. पण तो उधारीचा स्थिरपणा आहे आणि ती उधारी शुद्ध बेण्याने, अनेक वंशांनी आणि सतत चालणाऱ्या संशोधनाने फेडावी लागते. तेव्हा पुढच्या लागवडीला बेणे घेताना शेतकऱ्याने जात, वय आणि भाव यांच्या आधी दोन प्रश्न विचारावेत: हे बेणे तपासलेले आहे का, आणि माझ्या शिवारात या एका वंशाशिवाय दुसरे काय लावलेले आहे? पहिल्याचे उत्तर विकणाऱ्याने द्यायचे आहे, दुसऱ्याचे सगळ्या गावाने मिळून.